एका ट्रान्झिस्टरचं गिटार पेडल: बांधा, मोजा आणि मगच दुसऱ्याला द्या

गिटारचं पेडल (गिटार आणि ॲम्प्लिफायरच्या मध्ये बसणारा, पायाने चालू-बंद करायचा, आवाज बदलणारा डबा) घरी करायला घेणारे बहुतेकजण सुरुवातीलाच चूक करतात: थेट मोठा डिले (प्रतिध्वनी देणारा) किंवा कोरस (एका गिटारीच्या अनेक भासवणारा) बांधायला बसतात. साठ-सत्तर भाग, दोन-तीन आयसी, आणि शेवटी ॲम्प्लिफायरमधून नुसती गुरगुर. मग सगळा पसारा एका डब्यात जातो आणि डबा माळ्यावर. मीही याच वाटेने गेलो होतो. परत आलो तो एका ट्रान्झिस्टरच्या बूस्टरने, म्हणून हा लेख त्याच्यावरच आहे.

हे सर्किट जुनं आणि नावाजलेलं आहे. माइक मॅथ्यूज यांनी १९६८ मध्ये न्यूयॉर्कला इलेक्ट्रो-हार्मोनिक्स सुरू केली. तिच्या अगदी सुरुवातीच्या वस्तूंपैकी एक म्हणजे एलपीबी-१ हा छोटा बूस्टर. एक ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, दोन कॅपॅसिटर, एक पॉट (नॉब फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर), एवढंच त्याचं घर. गिटारचा सिग्नल तो मोठा करतो आणि ॲम्प्लिफायरच्या पहिल्या टप्प्यावर ढकलतो. ॲम्प्लिफायर गुदमरला की जो खरखरीत, लांबणारा सूर येतो तो मुद्दाम मिळवायचा. सहा वर्षं आधी, १९६२ मध्ये, माएस्ट्रो कंपनीचा फझ-टोन (मुद्दाम खरखर आणणारं पेडल) बाजारात आला होता. त्याचा आवाज तर नॅशव्हिलच्या स्टुडिओतल्या एका बिघडलेल्या मिक्सर चॅनेलवरून सुचलेला. या छंदाचा पायाच बिघाडावर आहे, त्यामुळे तुमचं पेडल पहिल्यांदा चाललं नाही तर वाईट वाटून घेऊ नका.

काय आणायचं

मुंबईत असाल तर ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोड, पुण्यात असाल तर बुधवार पेठेतली तपकीर गल्ली. इतर गावांत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानदाराकडे यातलं बरंच मिळतं. फूटस्विच आणि मोठे जॅक मात्र ऑनलाइन मागवावे लागतील. यादी अशी:

– ट्रान्झिस्टर बीसी५४७, चार-पाच घ्या (स्वस्त असतात, आणि एक नक्की जळतो)
– रेझिस्टर पाव वॅटचे (के म्हणजे हजार ओहम, मेग म्हणजे दहा लाख): ४७० के, ४७ के, १० के, ३९० ओहम, १ मेग, ४.७ के, १०० ओहम
– कॅपॅसिटर: ०.१ मायक्रोफॅरडचे दोन (अंगावर १०४ लिहिलेलं असतं), १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक
– पॉट: ए१००के. ‘ए’ म्हणजे लॉग, आवाजासाठी हाच. ‘बी’ घेतलात तर चालेल, पण सगळा फरक नॉबच्या पहिल्या पाव वळणातच संपेल
– डायोड १एन५८१७ एक, १एन४१४८ दोन
– एक एलईडी, ९ पायांचा थ्रीपीडीटी फूटस्विच, ६.३५ मिलिमीटरचे दोन जॅक (त्यातला एक स्टिरिओ), डीसी जॅक, ९ व्होल्ट बॅटरीची टोपी
– ब्रेडबोर्ड (सोल्डरशिवाय भाग खोचून सर्किट जोडायची पाटी) आणि झिरो पीसीबीचा (भोकांच्या कोऱ्या बोर्डाचा) छोटा तुकडा
– २५ वॅटची सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर, आणि मल्टिमीटर

मल्टिमीटरवर काट मारू नका. साधा, दोन-तीनशे रुपयांचा चालेल. आयर्नशिवाय ब्रेडबोर्डवर पेडल वाजेल, पण मीटरशिवाय तुम्ही आंधळी कोशिंबीर खेळत राहाल.

मूळ सर्किटात ४३० के आणि ४३ के असे रेझिस्टर आहेत. आपल्याकडच्या दुकानात ते मागितले की माणूस तुमच्याकडे बघत राहतो. ४७० के आणि ४७ के घेतले तरी गुणोत्तर तेच राहतं, १० ला १, म्हणून बिनधास्त घ्या. फक्त हे दोन दिसायला जुळे भाऊ आहेत: पिवळा-जांभळा-पिवळा म्हणजे ४७० के, पिवळा-जांभळा-केशरी म्हणजे ४७ के. रात्री ट्यूबलाइटखाली पिवळा कुठला आणि केशरी कुठला हे मलाही ओळखता आलेलं नाही. प्रत्येक रेझिस्टर बसवण्याआधी मीटरने मोजा.

आधी ब्रेडबोर्डवर

सोल्डरला आज हात लावायचा नाही. ब्रेडबोर्डच्या वरच्या पट्टीला बॅटरीचा प्लस, खालच्या पट्टीला मायनस, म्हणजेच ग्राउंड.

बीसी५४७ चा सपाट चेहरा तुमच्याकडे आणि पाय खाली धरले की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. अमेरिकी आकृत्यांमध्ये बऱ्याचदा २एन५०८८ किंवा २एन३९०४ असतो. त्यांचे पाय नेमके उलट: एमिटर, बेस, कलेक्टर. परदेशी लेआउट (भागांच्या मांडणीचं चित्र) बघून आपला बीसी५४७ तसाच खोचला की तो उलटा बसतो. नव्या माणसाचं पेडल ‘वाजतं पण बारीक वाजतं’ तेव्हा मी सगळ्यात आधी हेच बघतो.

जोडणी अशी. बेसपासून प्लसला ४७० के, बेसपासून ग्राउंडला ४७ के. कलेक्टरपासून प्लसला १० के. एमिटरपासून ग्राउंडला ३९०. गिटारकडून येणारी तार ०.१ च्या कॅपॅसिटरमधून बेसला. कलेक्टरवरून दुसरा ०.१ निघतो आणि पॉटच्या एका टोकाच्या पायाला जातो. पॉटचं दुसरं टोक ग्राउंडला, मधला पाय ॲम्प्लिफायरकडे. गिटारच्या बाजूला, कॅपॅसिटरच्या आधी, ग्राउंडला १ मेग लावा. तो आवाजात काही करत नाही, पण पुढे फूटस्विच दाबताना ‘टॉक’ असा फटका बसतो तो यामुळे जातो.

बॅटरी लावा. गिटार अजून लावू नका.

तीन आकडे

काळी प्रोब ग्राउंडला, मीटर २० व्होल्ट डीसीवर. लाल प्रोब पाळीपाळीने तीन पायांना लावा आणि वहीत लिहा. बेसवर साधारण ०.७५ ते ०.८ व्होल्ट यायला हवेत. एमिटरवर ०.१५ ते ०.२. कलेक्टरवर ४ ते ५.५ च्या दरम्यान कुठेतरी.

हे आकडे आले कुठून? ४७० के आणि ४७ के मिळून ९ व्होल्टचा अकरावा हिस्सा बेसला देतात, म्हणजे ०.८ च्या आसपास. बेस आणि एमिटर यांच्यामध्ये सिलिकॉन ट्रान्झिस्टर सुमारे ०.६ व्होल्ट ठेवून घेतो, तो त्याचा हक्काचा वाटा. उरतात ०.१७ वगैरे. ०.१७ ला ३९० ने भागलं की सुमारे ०.४४ मिलिॲम्पिअर. जवळपास तेवढाच करंट वरच्या १० के मधून येतो, म्हणजे तिथे ४.४ व्होल्ट पडतात. ९ मधून ४.४ गेले, कलेक्टरवर राहिले ४.६. शाळेत व्ही बरोबर आय आर घोकलेलं असतं. ते खरं असल्याचा मला पहिला पुरावा इथे मिळाला.

कलेक्टर मध्यावर असणं का महत्त्वाचं? सिग्नल वरही जातो आणि खालीही. वरती ९ व्होल्टचं छत, खाली जमीन. मधोमध उभा राहिला तर दोन्हीकडे सारखी जागा. एका बाजूला चिकटला तर एकीकडून लगेच डोकं आपटतं.

आता बिघाड. कलेक्टरवर अर्धा व्होल्टच दिसतोय? जुळे भाऊ अदलाबदल झालेत. बेसला गरजेपेक्षा खूप जास्त मिळतंय आणि ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा पडलाय. माझं पहिलं बूस्टर याच कारणाने तीन दिवस मुकं होतं, आणि त्या तीन दिवसांत मी दोन ट्रान्झिस्टर, एक जॅक आणि बिचारी केबल बदलून बसलो होतो. कलेक्टरवर आठच्या वर आणि आवाज अगदी क्षीण? ट्रान्झिस्टर उलटा आहे. कलेक्टर नऊवर आणि बेस शून्यावर? ४७० के कुठेतरी सुटलाय. कलेक्टरच शून्य? १० के प्लसपर्यंत पोचलेलाच नाही. ब्रेडबोर्डच्या वरच्या पट्ट्या पुष्कळदा मध्यावर तुटक असतात, ते बघा.

आकडे जुळले की गिटार आणि ॲम्प्लिफायर लावा. ॲम्प्लिफायरचा आवाज आधी अगदी कमी. कागदावर १० के भागिले ३९०, म्हणजे जवळजवळ २५ पट. प्रत्यक्षात पॉटचं ओझं आणि ट्रान्झिस्टरचा स्वतःचा अंतर्गत रोध धरून २० पटीच्या आसपास. तेही खूप झालं. शेजारी विचारतील.

आणखी एक कबुली द्यायला हवी. या सर्किटाचा इनपुट गिटारला जरा जड जातो. साधारण ३० के ओहमचं ओझं पिकअपवर (तारांचा कंप टिपणाऱ्या गिटारच्या भागावर) पडतं. त्यामुळे वरचा चकचकीतपणा थोडा बोथट होतो. काहींना तो दोष वाटतो, मला तो या पेडलचा स्वभाव वाटतो.

हात साफ करायची जागा

ब्रेडबोर्डवर आहात तोवरच खेळून घ्या. गिटारकडचा ०.१ काढून ०.०१ (अंगावर १०३) लावा. खालचे जाड सूर बारीक होतात, आवाज धारदार होतो, कारण आता साधारण ५०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरणीला लागतं. मूळच्या ०.१ ला ही उतरण ५० हर्ट्झच्या आसपास होती, आणि गिटारची सगळ्यात जाड तार ८२ हर्ट्झची, म्हणून तिथे काही कापलं जात नव्हतं.

मग डायोड. बाहेरच्या कॅपॅसिटरनंतर, पॉटच्या आधी, तिथून ग्राउंडला दोन १एन४१४८ एकमेकांना उलटे लावा. सिग्नल ०.६ व्होल्टच्या वर चढू लागला की डायोड त्याला जमिनीकडे वळवतात, शेंडे सपाट होतात, आणि बूस्टरचा डिस्टॉर्शन झाला. डायोडऐवजी दोन लाल एलईडी उलटसुलट लावून बघा: त्या सुमारे १.७ व्होल्टपर्यंत वाट देतात, म्हणून आवाज मोठा आणि मोकळा. जुन्या रेडिओतला जर्मेनियम डायोड सापडला तर तो लवकर, पण हळुवारपणे कापतो. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन डायोड, हेही करून ऐका. कुठला चांगला ते मी सांगणार नाही, आमच्या ग्रुपमध्ये यावरून भांडणं झाली आहेत.

‘गेन’चा नॉब हवा म्हणून ३९० च्या जागी पॉट लावायचा मोह प्रत्येकाला होतो. नको. ३९० बदलला की तिन्ही आकडे हलतात. त्याऐवजी १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर आणि १ के चा पॉट एकापुढे एक जोडून ती जोडी ३९० ला समांतर लावा, कॅपॅसिटरचा प्लस एमिटरकडे. डीसीला ही वाट बंद असते, म्हणून आकडे जागेवर राहतात. फक्त सिग्नलला उघडी. नॉब टोकाला नेला की खरखरही वाढेल, ते गृहीत धरा.

सोल्डर आणि डबा

झिरो पीसीबीवर मांडणी आकृतीसारखीच ठेवा: डावीकडून सिग्नल आत, उजवीकडून बाहेर, वर प्लस, खाली ग्राउंड. सुबक दिसावं म्हणून भाग दाटीवाटीने बसवू नका. आतली आणि बाहेरची तार शेजारी आली की मोठा झालेला आवाज परत आत शिरतो आणि पेडल शिट्टी मारतं.

आधी पाय आणि तांब्याचं गोल दोन्ही तापवायचं, मग सोल्डर त्यांना लावायचं, आयर्नला नाही. चांगला डाग चकचकीत आणि उतरत्या कडांचा दिसतो. मळकट गोळी दिसली तर तो ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा. ६०/४० मध्ये शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका.

वीज आत येते तिथे डीसी जॅकच्या प्लसमागे १एन५८१७ लावा, पट्टीची बाजू सर्किटकडे. गिटार पेडलच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन मायनस असते, घरातल्या इतर अडॅप्टरमध्ये बहुधा प्लस. कोणीतरी कधीतरी उलटा लावणारच. डायोडनंतर १०० ओहम आणि त्यापुढे ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड, म्हणजे स्वस्त अडॅप्टरचा हम (सततची गुणगुण) बराच खाली जातो. बॅटरीचा मायनस थेट ग्राउंडला न देता इनपुटच्या स्टिरिओ जॅकच्या मधल्या कडीला द्या. केबल खोचली की ती कडी ग्राउंडला टेकते आणि पेडल चालू होतं, केबल काढली की बॅटरी सुटते.

फूटस्विचचे नऊ पाय बघून घाबरू नका. ते तीन-तीनचे तीन वेगळे स्विच आहेत. कुठले तिघे एकत्र, हे मीटरच्या बझरवर शोधा, कारण स्विच नव्वद अंशात फिरवून सोल्डर करणं ही या छंदातली पारंपरिक चूक आहे. पहिल्या तिघांत मध्ये इनपुट जॅक, दुसऱ्यांत मध्ये आउटपुट जॅक, तिसऱ्यांत मध्ये ग्राउंड. एका बाजूचे तीन पाय: बोर्डाचा इनपुट, बोर्डाचा आउटपुट, एलईडीचा मायनस. दुसऱ्या बाजूला पहिले दोन पाय एकमेकांना जोडा, तिसरा मोकळा. एलईडीच्या प्लसला ४.७ के मधून ९ व्होल्ट. स्विचच्या पायावर आयर्न दोन-तीन सेकंदांहून जास्त ठेवू नका. आतलं प्लास्टिक वितळतं आणि बाहेरून काहीच कळत नाही.

डबा धातूचाच हवा, आणि तो ग्राउंडला जोडलेला. प्लास्टिकच्या डब्यातलं पेडल ट्यूबलाइट आणि पंख्याच्या रेग्युलेटरची सगळी गाणी म्हणतं. माझं पहिलं पेडल दिवाळीच्या शंकरपाळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात होतं. आवाज स्वच्छ होता, पण पाचव्या वेळी पाय दिल्यावर झाकण आत गेलं. ११२ गुणिले ६० मिलिमीटरचा ओतीव ॲल्युमिनियमचा डबा घ्या. भोक पाडण्याआधी जॅक आणि स्विचचा गळा मोजा, आणि सगळे भाग आत एकमेकांना न टेकता मावतात का ते कागदावर काढून बघा. डबा बंद झाल्यावर पेडल मेलं तर दहातल्या नऊ वेळा जॅकचा पाय डब्याला किंवा बोर्डाला टेकलेला असतो.

तरीही आवाज नाही, आणि आकडे तर बरोबर? मग सिग्नल कुठे हरवतो ते शोधायचं. गिटारची एक जुनी केबल कापा, आतल्या तारेला ०.१ चा कॅपॅसिटर जोडा, जाळी ग्राउंडला, दुसरं टोक ॲम्प्लिफायरला. पेडलच्या इनपुटला कोणाला तरी गिटार वाजवायला बसवा आणि कॅपॅसिटरचा मोकळा पाय सिग्नलच्या वाटेवर एकेका बिंदूला टेकवत चला. जिथे आवाज थांबला, त्याच्या आधीचा भाग दोषी. हा प्रकार फक्त ९ व्होल्टच्या पेडलवर. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये शेकडो व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यावरही कॅपॅसिटर ते धरून बसतात. तिथे हात घालू नका.

दुसऱ्याला देताना

तुमचं पेडल वाजलं की आकृती मित्रांना पाठवायची खुमखुमी येते. पाठवा, पण नुसतं आकृतीचं चित्र पाठवू नका.

मला मिळालेल्या बहुतेक आकृत्यांमध्ये एकच गोष्ट नसते: मोजलेले आकडे. मग समोरचा बांधतो, चालत नाही, आणि ‘चालत नाही’ एवढंच लिहितो. तुमच्या कलेक्टरवर ४.६ आणि त्याच्या कलेक्टरवर ०.५ हे शेजारी शेजारी दिसलं असतं, तर प्रश्न एका ओळीत मिटला असता. म्हणून आकृतीच्या कोपऱ्यात बॅटरीचा प्रत्यक्ष व्होल्टेज (नवी बॅटरी ९.४ सुद्धा दाखवते) आणि बेस, एमिटर, कलेक्टर लिहा. ट्रान्झिस्टरचा नंबर आणि त्याच्या पायांचा क्रम लिहा. लेआउट स्वतः बांधून वाजवून बघितलाय की नुसता काढलाय, हे स्पष्ट सांगा. बोर्डाचे दोन्ही बाजूंचे फोटो, दिवसाच्या उजेडात.

जर्मेनियमचे (सिलिकॉनच्या आधीचे, जुने) ट्रान्झिस्टर असलेल्या पेडलसाठी तर आकड्यांशिवाय आकृती जवळजवळ निरुपयोगी. १९६६ मध्ये लंडनमध्ये आलेला फझ फेस हा दोन ट्रान्झिस्टरचा, पण जर्मेनियमचे दोन नग कधी सारखे नसतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांची गळती साधारण दुप्पट होते. थंडीत पुण्यात जमवलेला फझ मे महिन्यात नागपूरला नेला तर दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर साडेचारवरून कुठल्या कुठे सरकलेला असतो. जुन्या रेडिओतले एसी१२८ घेऊन कोणी हे करणार असेल तर त्याला आकड्यांबरोबर खोलीचं तापमानही लिहून द्या.

श्रेय द्या. सर्किट कुठल्या पेडलवरून घेतलं, लेआउट कोणाचा, तुम्ही काय बदललं. जोडणीची कल्पना लोक मोकळेपणाने वापरत आलेत, पण पीसीबीचं रेखाटन हे कोणाच्या तरी मेहनतीचं चित्र असतं, आणि कंपनीचं नाव किंवा लोगो तर त्यांचाच. घरच्या डब्यावर प्रसिद्ध नाव छापून विकणं ही फसवणूक आहे, मग आत सर्किट कितीही चोख असो. उलट बाजूही आहे: १९९४ मध्ये आलेल्या क्लॉन सेंटॉरच्या बोर्डावर बिल फिनेगन यांनी काळा इपॉक्सी ओतला होता, कोणी आत बघू नये म्हणून. लोकांनी तो खरवडून आतलं सर्किट शोधलंच. माझ्या मते लपवण्यात त्यांची मेहनत गेली आणि खरवडण्यात इतरांची.

आणि कोणी ‘चालत नाही’ म्हणून आलं, तर फोटो मागण्याआधी तीन आकडे मागा. मीटर नसेल त्याच्याकडे, तर तुमचा द्या.